बठ्ठी नावाचा तरोटा

पितांबर सुरवाडे 'शे' म्हणत नसे. 'आहे' म्हणे. तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने 'आहे' नुकताच दुकानातून आणलाय आणि वरचा कागद अजून काढलेला नाही.

त्याला कारण होतं. भडगावहून तो एमएस्सीसाठी पुण्याला गेला तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दुपारी त्याने विचारलं होतं, "पानी शे का?" पाणी मिळालं. सोबत 'शेसाहेब' हे नावही मिळालं. पाणी संध्याकाळपर्यंत पुरलं, नाव दोन वर्षं. त्या दोन वर्षांत पितांबरने वनस्पतिशास्त्र शिकलं ते शिकलंच, पण खरी मेहनत घेतली ती जिभेवर. परत आला तेव्हा इतकं स्वच्छ बोलू लागला होता, की एकदा तो ओसरीवर बोलत असताना त्याची आई लिलाबाई आतून म्हणाली, "रेडिओ कोनी चालू कया रे?"

जळगावच्या एका कॉलेजात त्याला तात्पुरता लेक्चरर म्हणून घेतलं. तात्पुरता म्हणजे दर जूनमध्ये नवं पत्र आणि दर एप्रिलमध्ये निरोपाची तयारी. प्राचार्यांनी १९९३ साली स्पष्ट सांगितलं होतं, "तीस जून सत्त्याण्णवच्या आत पीएचडी. झाली तर तुम्ही कायम. नाही झाली तर तुमच्या जागी दुसरा कोणीतरी तात्पुरता." प्राचार्य शब्दाचे पक्के होते. पितांबरच्या आधीचे तिघे याची साक्ष द्यायला आता कॉलेजात नव्हते.

पितांबरचे गाईड म्हणजे त्याचेच विभागप्रमुख. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. सर मूळचे पुण्याचे. जळगावात येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि या बारा वर्षांत त्यांनी खान्देशी बोलीचा एक शब्दही स्वतःला लागू दिला नव्हता. पांढरा शर्ट घालून होळीच्या दिवशी बाहेर पडावं आणि कोरडं घरी यावं, तसा त्यांना याचा अभिमान होता.

विषय ठरला तरोटा. कोकणात त्याला टाकळा म्हणतात. पावसाळ्यात उकिरड्यापासून कोर्टाच्या आवारापर्यंत कुठेही उगवतो, कोवळा असताना भाजी करतात आणि गजकर्णावर लावतात. म्हणजे एकच वनस्पती आतूनही घ्यायची आणि बाहेरूनही. त्यात एक पिवळं औषधी द्रव्य असतं. ते काही झाडांत भरपूर आणि काहींत नावापुरतं का असतं, याचं उत्तर झाडाच्या डीएनएमध्ये शोधायचं, असा तो बेत होता. प्रबंधाचं इंग्रजी शीर्षक अडीच ओळींचं झालं. तरोटा हा शब्द तिसऱ्या ओळीत येत होता.

"सर, तरोटाच का?" पितांबरने विचारलं होतं.

"कारण त्याला अनुदान लागत नाही," सर म्हणाले. विज्ञानाच्या इतिहासात इतकं प्रामाणिक उत्तर फार कमी गाईडांनी दिलं असेल.

जुलै त्र्याण्णवमध्ये दोघे कॉलेजच्या जीपने चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला गेले. तिथे एका पाड्याच्या तोंडाशी सुगंधाबाई बसली होती. पन्नाशीची बाई, समोर तरोट्याने भरलेली टोपली. आठवड्याच्या बाजाराला निघाली होती, पण बाजाराकडे जाणारी गाडी तिला सोडून गेली होती. आता एवढ्या भाजीचं करायचं काय, या विचारात ती असताना जीप थांबली आणि पुढच्या सीटवरून टाय लावलेला माणूस उतरला.

सर टोपलीजवळ वाकले. अगदी सावकाश, परदेशी पाहुण्याशी बोलावं तसे म्हणाले, "बाई, ही, कोणती?"

माणूस टोपलीकडे बोट दाखवतोय, जीप रिकामी आहे. कोणती घेऊ असंच विचारत असणार. सुगंधाबाईच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"बठ्ठी," ती म्हणाली. "बठ्ठी लई जा, भाऊ."

बठ्ठी म्हणजे सगळी. सगळी घेऊन जा, असं ती म्हणाली. हे भडगावच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पितांबरला तर ऐकताक्षणीच कळलं.

सरांनी वही काढली. 'स्थानिक वाण: बठ्ठी,' त्यांनी लिहिलं. मग जरा विचार करून खाली लिहिलं, 'उपजात: लईजा.'

पितांबरचं तोंड उघडलं. सरांनी मान वर केली.

"तू याच भागातला ना, सुरवाडे? तुला कळते का यांची भाषा?"

हीच ती वेळ होती. एक 'हो' म्हटला असता तर पुढची चार वर्षं वाचली असती. पण पितांबरच्या कानात वसतिगृहाचा सगळा मजला एका सुरात 'शेसाहेब' म्हणून ओरडला.

"नाही सर," तो म्हणाला. "आमच्या घरी शुद्ध मराठी बोलतात."

सर खूश झाले. उपजातीखाली त्यांनी रेघ मारली, टोपली जीपमध्ये ठेवायला सांगितली आणि फोटो काढायला चढावर गेले. ऊन चटका देत होतं. सर हाकेच्या पलीकडे गेलेत हे बघून पितांबर सुगंधाबाईजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "अक्का, पानी शे का?"

तिने तांब्या पुढे केला. तो प्यायला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तू तं आपलाच शे," ती म्हणाली. "मंग त्याले काबर सांगं नही?"

पितांबरने तोंड पुसलं आणि पुन्हा शुद्ध झाला.

मग शास्त्र सुरू झालं. एका बाजूला 'बठ्ठी' आणि दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी साधा तरोटा. साधा तरोटा लांब शोधावा लागला नाही. तो कॉलेजच्या सायकल स्टँडमागे होता, तोवर शेंगा धरलेला, वर धुळीचा थर आणि रोज दोन-तीन सायकली अंगावर पडून कंबर मोडलेला. प्रयोगशाळेत दोन्हींतलं पिवळं द्रव्य मोजलं. बठ्ठीत तिप्पट निघालं. सरांनी पितांबरला चहा पाजला. सहा वर्षांनी एकदा येणारा प्रसंग होता तो.

आता डीएनए. ती सोय पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती. पण पानं गाडीने पुण्याला पोचेपर्यंत कोमेजून जायची. ती गोठवून न्यायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. जळगावात तो एकाच ठिकाणी मिळे, गुरांच्या दवाखान्यात. तिथे त्यात वळूचं वीर्य बारीक कांड्यांमध्ये भरून ठेवलेलं असे. तिथला झुलालभाऊ भला माणूस. दर फेरीला तो डबा भरून देई.

"झुलालभाऊ, डबा स्वच्छ आहे ना?" पितांबर विचारी.

"मास्तर, आमच्या वळूचं जेवढं जपतो तेवढं तुमच्या पाल्याचं जपू," झुलालभाऊ म्हणे. "फक्त खालच्या कप्प्याला हात लावू नका. तिथे जर्सी झोपेल शे."

पुण्याहून काळा फोटो आला. त्यावर डीएनएच्या पांढऱ्या पट्ट्या. सायकल स्टँडच्या तरोट्याला आठ पट्ट्या, आणि बठ्ठीलाही त्याच आठ. पण खाली एक नववी. सरांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हीच ती, सुरवाडे. औषधाची किल्ली."

पुढे हैदराबादला परिषद झाली. सरांनी निबंध वाचला. 'बठ्ठी' हा शब्द कसा आला यावर त्यांनी चार पानं वेगळी लिहिली होती. संस्कृत 'पथ्य', त्यावरून 'पथ्यी', त्यावरून 'पठ्ठी' आणि शेवटी 'बठ्ठी'. म्हणजे पथ्याला चालणारी भाजी. टाळ्या पडल्या. पितांबरनेही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा उशिरा.

त्यानंतर गोष्ट हाताबाहेर गेली. एका शेतीच्या साप्ताहिकात 'बांधावर लावा बठ्ठी तरोटा' असा लेख आला. कॉलेजच्या पत्त्यावर बियाण्यासाठी पत्रं येऊ लागली. जळगावच्या भाजीबाजारात एकीने पाटीच लावली, 'बठ्ठी तरोटा, कॉलेजवाला', आणि तिची भाजी खरोखरच बठ्ठी खपली. नशिराबादच्या एका वैद्याने बठ्ठीचा काढा काढला आणि बाटलीवर नववी पट्टी छापली.

भडगावला बातमी पोचली तेव्हा लिलाबाईने विचारलं, "पितांबर, तू बठ्ठी नावनी भाजी शोधी म्हने. मंग बाकीनी कथी गई?"

बाकीची कुठे गेली हे सांगायचं टाळून पितांबर म्हणाला, "आई, हे फार तांत्रिक आहे."

"रेडिओ बंद कर," आई म्हणाली.

सगळ्यात कहर म्हणजे धुळ्याहून आलेला शोधनिबंध. तिथल्या डॉ. भिकन बोरसे नावाच्या प्राध्यापकांनी शिरपूरकडच्या डोंगरात तरोट्याचं दुसरं एक वाण शोधून काढलं होतं. नाव 'इतली'. निबंधात लिहिलं होतं, 'बठ्ठीच्या मानाने हे वाण दुर्मीळ आहे आणि त्याचं प्रमाण नेहमीच अल्प आढळतं.'

इतली म्हणजे इतकी. इतली म्हणजे 'एवढीच उरली बाबा'. पितांबरने निबंध तीनदा वाचला. हा माणूस एक तर धुळ्यात राहून बहिरा होता, नाही तर त्याच्याही घरी शुद्ध मराठी बोलत असावेत.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये तो डबा परत करायला गेला तेव्हा झुलालभाऊ गप्पांच्या ओघात म्हणाला, "मास्तर, मागे एकदा डब्यात एक कांडी फुटेल निघनी व्हती बरं. जर्सीची. तुमच्या पाल्याला काही झालं तर नाही ना?"

पितांबर स्टुलावर बसला. "कधी?"

"पहिल्याच फेरीला. मी म्हटलं पालाच तर शे, काय होणार."

म्हणजे औषधाची किल्ली बैलाची होती. पितांबरने मनाशी हिशेब केला. आता त्याच्याकडे दोन गुपितं होती आणि चौदा महिने उरले होते. त्याने दोन्ही गुपितं एकाच जागी ठेवली. त्याच्या जुन्या 'शे'च्या शेजारी.

जून सत्त्याण्णवमध्ये तोंडी परीक्षा ठरली. बाहेरचे परीक्षक म्हणून धुळ्याचे डॉ. बोरसे येणार होते. त्यातच सरांना कल्पना सुचली. ज्या बाईने बठ्ठी दाखवली तिचा त्याच दिवशी, त्याच सभागृहात सत्कार करायचा. शाल, नारळ आणि मानपत्र, 'बठ्ठी वाणाची माता'.

"सर, त्या बाई लांब राहतात," पितांबर म्हणाला.

"जीप पाठव."

"सर, त्यांना मराठी नीट येत नाही."

"सुरवाडे, मानपत्र मी वाचणार आहे, ती नाही."

परीक्षेच्या दिवशी सुगंधाबाई आली. टोपली घेऊनच आली, कारण रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं तिला पटत नव्हतं. पाऊस लवकर लागला होता. टोपलीत ताजा तरोटा होता. ती पहिल्या रांगेत बसली आणि टोपली शेजारच्या खुर्चीवर ठेवली. त्या खुर्चीवर 'प्राचार्य' अशी चिठ्ठी होती. प्राचार्य मग दुसऱ्या रांगेत बसले.

डॉ. बोरसे पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ. बोलू लागले तसा पितांबर सावरून बसला. त्यांची मराठी त्याच्यापेक्षाही स्वच्छ होती. 'आणि'तला णदेखील ते असा म्हणत, की तो जिभेवरून न येता दातांच्या डॉक्टरकडून आल्यासारखा वाटे. पाऊण तास त्यांनी प्रश्न विचारले, पण 'बठ्ठी' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. 'प्रस्तुत वाण' म्हणत राहिले. पितांबरही 'प्रस्तुत वाण' म्हणू लागला. दोघे त्या शब्दाभोवती असे फिरत होते, जसं कोणी वाटेत झोपलेल्या कुत्र्याभोवतून जातं.

सगळं सुखरूप पार पडणार असं वाटत असतानाच सर उठले.

"सत्काराआधी एक छोटासा प्रयोग," ते म्हणाले. टोपली त्यांनी टेबलावर मांडली आणि चार वर्षांपूर्वीच्याच आवाजात विचारलं, "बाई, यातली, बठ्ठी, कोणती?"

सुगंधाबाईने टोपलीकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. मग माणूस थकलेला दिसतोय म्हणून मायेने म्हणाली, "बठ्ठी बठ्ठीच शे, भाऊ."

"पाहिलंत?" सर सभागृहाकडे वळले. "शंभर टक्के शुद्ध वाण. आणि हिचा गुण जास्त का, बाई?"

"कवळी तोडतस," ती म्हणाली. "म्हतारी कोन खास?"

म्हणजे कोवळी तोडतात, जून कोण खातं. चार वर्षांच्या संशोधनाचं उत्तर पाच शब्दांत आलं आणि सभागृहात ते फक्त तिघांना कळलं. त्यातले दोघे जमिनीकडे बघत होते. सरांनी वहीत 'जोडीदार वाण: म्हतारी' असं लिहायला घेतलं.

"आनी हाई इतली उरनी," सुगंधाबाईने टोपलीच्या तळातली मूठभर भाजी उचलून दाखवली. डॉ. बोरसेंना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"एखादा दुभाषी मिळाला असता तर बरं झालं असतं," सर हळहळले.

"कसाले?" सुगंधाबाई म्हणाली आणि पितांबरकडे बोट केलं. "हाऊ समजस ना. हाऊ तवयबी समजे. यानी मन्हाकडे पानी मांगं व्हतं. 'अक्का, पानी शे का?' म्हने."

'शे' सभागृहात पडला आणि कोणीतरी मागे हसलं. सर पितांबरकडे वळले. प्राचार्य वळले. पितांबरला वाटलं, आता वसतिगृहाचा मजला ओरडेल. त्याने वाट पाहिली. पण कोणी ओरडलं नाही. पुढे फक्त ती बाई होती, चार वर्षांनंतरही त्याला आपला समजणारी. आणि तिच्या गळ्यात आता 'म्हतारी'ची माता असण्याचं मानपत्र पडणार होतं.

"सर," पितांबर म्हणाला, "बठ्ठी म्हणजे सगळी."

"सगळी काय?"

"सगळी भाजी. त्या दिवशी त्यांची गाडी चुकली होती. 'सगळी घेऊन जा' म्हणाल्या. लईजा ही उपजात नाही, सर. लई जा म्हणजे घेऊन जा."

एकदा तोंड उघडल्यावर पितांबरला ते मिटता येईना. "आणि नववी पट्टी तरोट्याची नाही. जर्सी बैलाची आहे. डब्यात कांडी फुटली होती. आणि गुण जास्त आहे तो कोवळेपणामुळे. स्टँडमागचा तरोटा जून होता. मला बठ्ठं माहीत होतं." मग स्वतःच सावरून म्हणाला, "सगळं."

सरांच्या चेहऱ्यावरून बारा अधिक चार वर्षं सावकाश निघून गेली. शेवटी त्यांनी आधारासाठी परीक्षकांकडे पाहिलं.

"बोरसे, तुम्ही धुळ्याचे. हे खरं आहे का?"

डॉ. बोरसेंनी पाण्याच्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोरून बहुधा 'इतली' गेली असावी, अकरा पानं आणि संदर्भसूची.

"मला कल्पना नाही," ते म्हणाले. "आमच्या घरी शुद्ध मराठी बोलतात."

पितांबरने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. सुगंधाबाई मात्र दोघांकडे आळीपाळीने बघून स्वतःशीच हसली.

समिती शेजारच्या खोलीत गेली. पितांबर सभागृहात बसून राहिला. पुढच्या वर्षी कोण तात्पुरता असेल, तो उंच असेल की बुटका, याचा विचार करत. सुगंधाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मास्तर, चार वरीस हाई भाजी मोजी. खादी का कधी?"

पितांबरने आठवून पाहिलं. वाळवली होती, दळली होती, उकळली होती, गोठवली होती. "नही, अक्का," तो म्हणाला. खाल्ली नव्हती.

"मंग तुले काय समजाव," ती म्हणाली.

वीस मिनिटांनी समिती बाहेर आली. सरांचा चेहरा पूर्ववत झाला होता. काहीही झालेलं नाही असं एकदा ठरलं, की माणूस फार लवकर बरा होतो.

"प्रबंध नियमानुसार आहे," त्यांनी जाहीर केलं. "प्रकरणं सहा आहेत, पानं एकशे ब्याण्णव आहेत, बांधणी काळी आहे. समितीने दोन किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आहेत. पट्टी क्रमांक नऊ वगळावी. आणि 'बठ्ठी' हा शब्द जिथे जिथे आला आहे, तिथे त्याचा इंग्रजी अर्थ घालावा. उमेदवाराचं अभिनंदन."

टाळ्या पडल्या. या वेळी पितांबरने उशीर केला नाही, कारण त्याने वाजवल्याच नाहीत. त्याला काही समजत नव्हतं.

दुरुस्ती तेवढीच झाली. डीटीपी सेंटरच्या कुंदाताईंनी कॉम्प्युटरला एकदा सांगितलं आणि 'बठ्ठी' जिथे होती तिथे चारशे सात ठिकाणी 'ऑल' झालं. म्हणून आजही त्या प्रबंधाच्या निष्कर्षात लिहिलेलं आहे, की ऑल तरोट्यात बाकीच्या तरोट्यापेक्षा तिप्पट औषध असतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत आहे. कोणी हरकत घेतलेली नाही. बियाण्यासाठी पत्रं मात्र येत राहिली, आता 'ऑल तरोटा' मिळेल का म्हणून.

पण हे सगळं नंतर. त्या दुपारी सत्कार उरकला, शाल सुगंधाबाईच्या खांद्यावर पडली आणि तिने तिची घडी करून टोपलीवर झाकण म्हणून ठेवली. भाजी कोमेजू नये म्हणून. मानपत्रावरचं 'बठ्ठी वाणाची माता' सरांनी ऐनवेळी 'सर्व वाणांची माता' असं वाचलं. तिचा दर्जा त्यामुळे बराच वाढला.

पितांबर व्हरांड्यात आला. टोकाला पाण्याची टाकी होती. डॉ. बोरसे तिथे एकटेच उभे होते, हातात ग्लास, नळ फिरवत. नळ कोरडा होता. त्यांनी मागे वळून सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"पानी शे का रे आठे कोठे?" त्यांनी हळूच विचारलं.

पितांबर थांबला. घसा त्याचाही सुकला होता.

"शे, सर," तो म्हणाला. "या. खाली माठ शे."